अबोली विणणाऱ्या मावशींची मान : मसाज उपचाराचं एक प्रकरण

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्या कामात व्यायाम, शेक, बसण्या-उठण्याच्या सवयी हे सगळं येतं आणि मसाजही येतो. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. इथे त्यांना मावशी म्हणते, कारण एरवीही मी त्यांना तशीच हाक मारते आणि त्या मला 'बाय' म्हणतात.

मावशींचं काम

मावशींचं वय 56. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तीसेक वर्षं त्या फुलं विकतात. पावसाळ्यात जाई, एरवी शेवंती आणि बारा महिने अबोली. अबोलीची फाती, म्हणजे विणलेली माळ, कशी होते हे ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण दुखण्याचं मूळ तिथेच होतं. सुई नसते. केळीच्या सोपटाचा ओला धागा घ्यायचा, तीन-चार फुलांचा झुबका त्यात धरायचा, एक वेढा, एक गाठ, की पुढचा झुबका. धाग्याचं एक टोक मावशी पायाच्या अंगठ्याला गुंडाळतात, म्हणजे धागा ताणलेला राहतो. सगळं काम पायाच्या अंगठ्याजवळ चालतं. डोळे तिथवर न्यायचे तर मान खाली घालावीच लागते. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलो भरतं. मान सरळ असते तेव्हा हे वजन मणक्यांवर नीट तोललेलं असतं. ती पुढे झुकली की मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंना ते डोकं धरून ठेवावं लागतं. मावशींचे स्नायू हे काम रोज सात-आठ तास करत होते.

तक्रार सात महिन्यांची होती. मानेच्या उजव्या बाजूपासून खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ठणका. दुपारनंतर डोक्याच्या मागच्या भागात दुखणं, आणि रात्री कूस बदलताना जाग. मागून स्कूटर आली तर बघायला मान वळत नव्हती, अख्खं अंग फिरवावं लागे. दुखणं शून्य ते दहात किती, असं विचारलं तर सात. उजवीकडे मान 50 अंश वळत होती, डावीकडे 65. निरोगी माणसाची 70 ते 90 अंश वळते.

सात महिने का गेले

आल्या तेव्हा सून बरोबर होती, आणि मावशींनी पहिलं वाक्य माझ्याऐवजी सुनेकडे बघून म्हटलं, "हे ते तसलं नाही ना गो?"

हा प्रश्न मला नवा नाही. किनारपट्टीवरच्या रस्त्यांवर मसाजच्या पाट्या ज्या अर्थानं लागतात, तो अर्थ आमच्या गावांतल्या बायकांच्या मनात त्या शब्दाला कायमचा चिकटला आहे. मावशींच्या मुलानं तर 'मसाज' ऐकताच विषय बंद केला होता. मला याचं फार वाईट वाटतं. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणारी बाई आपल्या प्रत्येक घरात येऊन गेलेली आहे, नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावल्याशिवाय आपण न्हात नाही, आणि दुखऱ्या खांद्यावर जाणत्या हातानं तेल लावून घ्यायचं म्हटलं की त्याच घरात लाज आडवी येते. या सात महिन्यांत मावशींनी बाम लावला, गरम पाण्याची पिशवी ठेवली, औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाल्ल्या. कुणीतरी केस कापणाऱ्याकडून मान 'मोडून' घ्यायचा सल्ला दिला होता. तो त्यांनी मानला नाही ते फार बरं झालं. झटका देऊन मान फिरवली तर मणक्यांलगत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटू शकतं. असं क्वचित घडतं, पण घडलं तर पक्षाघातापर्यंत जातं.

मी त्यांना आधी खोली दाखवली. दाराला आतून कडी आहे, सून हवी तर आत बसेल, चादर सतत अंगावर राहील, ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा असेल, आणि 'पुरे' म्हटलं की मी त्या क्षणी थांबेन. मसाज घ्यायला पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही एवढं तिथे न विचारता सांगितलं गेलं पाहिजे. सांगितलं नाही तर विचारा, आणि उत्तर टाळलं तर उठून घरी या.

हात लावण्याआधी

पहिली वीस-पंचवीस मिनिटं नुसती विचारपूस असते. हात किंवा बोटं बधिर होतात का, हातातली वस्तू निसटते का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा सुटतो का, ताप, विनाकारण घटलेलं वजन, पडणं-आपटणं, झोपूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं. यातलं एकही 'हो' आलं तर मसाज बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवायचं. खांद्यातून डाव्या हातात उतरणारं आणि चालल्यावर वाढणारं दुखणं असेल तर हृदयाची तपासणी आधी. पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका, अंगात ताप, त्वचेवर संसर्ग किंवा उघडी जखम, नुकतं झालेलं ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं असेल तर मसाज करायचाच नाही किंवा डॉक्टरांच्या परवानगीनंच करायचा.

मावशींच्या बाबतीत सगळी उत्तरं 'नाही' होती. हातांची ताकद दोन्हीकडे सारखी, संवेदना नीट. फोंड्याच्या सरकारी इस्पितळात काढलेला एक्स-रे त्यांनी आणला होता. त्यात मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यात झीज दिसत होती आणि त्या शब्दानं त्या धास्तावल्या होत्या. पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळ लोकांतही झीज दिसते. केस पांढरे होतात तसंच ते. हे समजावल्यावर मला वाटतं त्यांचे खांदे तिथेच थोडे खाली आले.

रक्तदाबाची गोळी चालू होती. "रक्त पातळ करणारी गोळी घेता का?" असं मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. मी तसं लिहून घेतलं आणि पुढे गेले.

पहिली बैठक, आणि माझी चूक

पालथं झोपायला त्यांना जमेना. टेबलाला तोंडासाठी भोक असतं, त्यात चेहरा ठेवला की त्यांचा जीव घाबरा होई. असं बऱ्याच जणांचं होतं, त्यात संकोच बाळगायचं कारण नाही. त्यांना स्टुलावर बसवून टेबलावर दोन उशा रचल्या आणि त्यांवर पुढे रेलायला सांगितलं. ब्लाऊज सैल, पाठीवर टॉवेल. तेल साधं खोबरेल, आधी मनगटाच्या आत थोडं लावून खाज येत नाही ना ते पाहून घेतलेलं. आषाढ संपत आला होता, हवा इतकी दमट की तेल चमचाभर पुरलं. जास्त घेतलं तर हात नुसता घसरतो आणि स्नायू हाताला लागत नाही.

सुरुवात सगळ्या पाठीवरून तळहातानं सावकाश लांब हात फिरवून करायची. यानं स्नायू गरम होतात हे खरं, पण त्याहून मोठं काम म्हणजे माझ्या हाताची त्या अंगाला ओळख पटते. मग खांद्याचा स्नायू बोटांच्या आणि तळहाताच्या मध्ये धरून मळायचा, कणीक तिंबतो तसा, पण फार हळू. शेवटी जिथे दुखतं नेमकं तिथे अंगठ्यानं स्थिर दाब.

फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याशी माझ्या अंगठ्याखाली दोरीसारखं ताठ काहीतरी आलं. मानेपासून तिथवर उतरणारा, खांदा वर उचलून धरणारा स्नायू तो. "हांगाच गो," मावशी म्हणाल्या. मी दाबत राहिले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या मुठीत चादरीचा काठ घट्ट धरलेला मला दिसत होता, पायाचा अंगठाही आत वळला होता. पण तीस वर्षं धागा ताणून धरणाऱ्या पायाची सवय असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. थांबून विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेचा फोन आला. हात वर उचलत नव्हता, आणि श्रावणातल्या पहिल्या आयताराच्या (रविवारच्या) पूजनासाठी सांगितलेल्या फाती अर्ध्यावर राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी ते नुकसान लहान नव्हतं. मी दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले. खांद्यामागे रुपयाच्या नाण्याएवढा निळसर डाग होता. मसाजनंतर एक-दोन दिवस अंग आंबल्यासारखं दुखणं नेहमीचं, नवा व्यायाम केल्यावर दुखतं तसं. डाग पडणं मात्र नेहमीचं नाही. मी सगळ्या गोळ्या बघायला मागितल्या. सुनेनं डबा आणला. रक्तदाबाच्या पाकिटाखाली अॅस्पिरिनचं, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं, पाकीट होतं. "ती बारकी गोळी होय, ती तर हृदयासाठी दिलीय," मावशी म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं. माझा प्रश्न चुकीचा होता. तेव्हापासून मी गोळ्यांची नावं विचारत नाही, पाकिटं घेऊन यायला सांगते.

आणि दुखत होतं तर बोलल्या का नाहीत? "दुखल्याशिवाय गुण येतो का, बाय? मला वाटलं सोसायचं असतं." मी त्यांची माफी मागितली. त्या गप्प राहिल्या कारण मी बोलायला वाव दिला नव्हता, हे मला त्या ओसरीवर बसून कळलं.

पुन्हा सुरुवात

त्यांच्या डॉक्टरांशी बोलले. गोळी चालूच ठेवायची, मसाज हलका करायचा, असं ठरलं. (मसाजसाठी अशी गोळी स्वतःहून बंद करू नये, कुणी सांगितलं तरी.) डाग पूर्ण मावळल्यावर आठवड्यातून दोनदा, एकेक तास, चार आठवडे असं गणित बांधलं. ते मनानं बांधलेलं नव्हतं. जुनाट मानदुखी असलेल्या 228 जणांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात चार आठवडे वेगवेगळ्या मात्रेत मसाज दिला, तेव्हा अर्ध्या तासाच्या बैठकींपेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा दिलेल्या तासाभराच्या बैठकींचा उपयोग जास्त दिसला. महिन्यातून एकदा कधीतरी मसाज घेऊन 'फरक पडला नाही' म्हणणारे खूप भेटतात, म्हणून हे सांगते.

दाबासाठी आम्ही आकडे ठरवले. शून्य म्हणजे नुसता हात टेकलाय, दहा म्हणजे सहन होत नाही. पाचाच्या वर जायचं नाही. मी दर दोन-तीन मिनिटांनी 'किती?' विचारायचं आणि त्यांनी आकडा सांगायचा. पहिल्या दोन वेळा त्या मला बरं वाटावं म्हणून 'तीन' म्हणत. मग मी त्यांच्या मुठीकडे बघे आणि त्या हसत. तिसऱ्या बैठकीत त्या आपणहून म्हणाल्या, "सहा झालं, हलकं कर." माझ्या मते या उपचाराला खरी सुरुवात त्या दिवशी झाली.

हलक्या हातानं गुण कसा येतो, असं त्यांच्या सुनेनं विचारलं होतं. गाठी फोडायला नकोत का? मसाजनं गाठ फुटत नाही, सुटतही नाही. स्नायू ताठ राहतो कारण मज्जासंस्थेनं त्याला ताठ राहायला सांगितलेलं असतं. सावकाश, सुरक्षित स्पर्शानं तो हुकूम थोडा ढिला होतो. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत एक दार असल्यासारखी व्यवस्था असते. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश तिथे पोचले की दुखण्याचे संदेश वर जायला अडथळा होतो. कोपर आपटलं की आपण ते लगेच चोळतो, तो हाच प्रकार. उलट जोरात दाबलं तर शरीर धोका ओळखून आणखी आखडतं. मावशींच्या पहिल्या बैठकीत तेच झालं होतं.

मसाजनं शरीरातली 'विषारी द्रव्यं' बाहेर पडतात असंही सर्रास सांगितलं जातं. तसं काही होत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. श्रमानं स्नायूंत वाढलेलं लॅक्टिक आम्ल तर तासाभरात आपोआप ओसरतं. मसाजनंतर पाणी जरूर प्या, तहान लागते म्हणून.

उठायची पद्धतही मी त्यांना शिकवली. बैठक संपली की रक्तदाब थोडा उतरलेला असतो, त्यात रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना एकदम उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. आडवं असाल तर आधी कुशीवर, मग हाताच्या आधारानं बसायचं, मिनिटभर थांबायचं आणि मग उभं राहायचं.

फळी आणि खिळा

दुसऱ्या आठवड्यात दुखणं सातावरून पाचावर आलं, पण ते दोन दिवस टिके आणि पुन्हा सहावर जाई. हे अपेक्षितच होतं. मान आणि कंबर दुखण्यावर मसाजचा जो फायदा अभ्यासांत दिसतो तो बहुतेक थोड्या काळापुरता आहे. दुखणं कमी झाल्यावर मोकळे मिळणारे ते दोन दिवस कशासाठी वापरायचे, हा खरा प्रश्न असतो.

मी एका सकाळी त्यांच्या शेजारी रस्त्याच्या कडेला तासभर बसले. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर धाग्यानं पडलेली खाच आहे, सोपटाच्या चिकानं काळपट झालेली. हात एवढे सराईत की डोळ्यांची गरज फक्त झुबका धरताना लागत होती. तरी मान सतत खाली, कारण धाग्याचं टोक पायाला. खुर्ची-टेबल त्यांना नको होतं. बसणं खालीच, टोपल्या खालीच, गिऱ्हाइकही वाकून फुलं निवडतं. मग त्यांच्या मुलानंच तोडगा काढला, ज्यानं मसाजचं नाव काढू दिलं नव्हतं त्यानं. दोन चिऱ्यांवर एक फळी ठेवली, मांडी घातलेल्या पायांवरून येईल एवढी उंच, आणि तिच्या पलीकडच्या काठाला एक खिळा ठोकला. धाग्याचं टोक पायाच्या अंगठ्याऐवजी त्या खिळ्याला. काम वीतभर वर आलं, कोपरांना फळीचा टेकू मिळाला. पहिले तीन दिवस वेग मंदावला म्हणून मावशी चिडल्या होत्या. चौथ्या दिवसापासून खिळा हवाच झाला.

याच्या जोडीला दोनच व्यायाम दिले: हनुवटी मागे घेणं आणि दोन्ही फरे मागे जुळवणं, प्रत्येक फाती पूर्ण झाली की पाच वेळा. घड्याळ लावून कुणी करत नाही, फाती मोजून त्या करत होत्या.

पुढे काय झालं

आठ बैठकी झाल्या तेव्हा चतुर्थी जवळ आली होती. दुखणं तीन. उजवीकडे मान 68 अंश. डोकेदुखी रोजच्याऐवजी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी. झोप सलग. यात मसाजचा वाटा किती, फळीचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. एका माणसाच्या प्रकरणावरून ते ठरत नसतं. माझा अंदाज असा की मसाज नसता तर त्या व्यायामाला तयार झाल्या नसत्या आणि फळी नसती तर मसाज असाच चालू ठेवावा लागला असता.

चतुर्थीच्या आठवड्यात त्या पहाटे चारपासून रात्रीपर्यंत बसल्या. दुखणं पुन्हा पाचावर गेलं, अपेक्षेप्रमाणे. एक बैठक केली, तीन दिवसांत ते उतरलं.

मात्र दर वेळी माझ्याकडे यायचं म्हणजे बसचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची विक्री बुडणं. म्हणून सुनेला दहा मिनिटांचं काम शिकवलं. रात्री जेवणानंतर, कोमट खोबरेल, तळहात सपाट ठेवून मानेपासून खांद्याकडे, मग खांदा धरून हळू मळायचा. अंगठ्यानं दाबायचं नाही. मानेच्या पुढच्या भागाला आणि जबड्याखाली नाडी लागते तिथे हातच लावायचा नाही. सुनेनं माझ्या खांद्यावर करून दाखवलं, तेव्हा तिचा हात माझ्यापेक्षा मऊ होता.

कार्तिकात तपासलं तेव्हा दुखणं दोन आणि मान 70 अंश. डोकं मात्र कधीतरी अजून दुखतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं आहे, त्या अजून गेलेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांच्या शेजारी फुलं घेऊन बसणारी बाई माझ्याकडे आली, खांदा धरून. तिनं बसण्याआधीच पिशवीतून गोळ्यांची सगळी पाकिटं काढून टेबलावर मांडली. मावशींनी तसं सांगूनच पाठवलं होतं.